काटा कोणी मारला?

आमच्याकडे कापूस विकायला निघालेला माणूस सहसा सरळ खरेदीच्या काट्यावर जात नाही. आधी गाडी बाहेरच्या एखाद्या धर्मकाट्यावर चढवतो, पैसे देऊन वजनाची चिठ्ठी घेतो, ती शर्टाच्या खिशात ठेवतो आणि मगच व्यापाऱ्याच्या किंवा जिनिंगच्या काट्यावर जातो. दोन चिठ्ठ्यांत फरक पडला की भांडण. खामगावला बाबांसोबत लहानपणी मी हे अनेकदा पाहिलंय. ‘आपला कापूसच हलका असेल’ असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचा पहिला संशय नेहमी काट्यावर. ‘काटा मारला’ हे शब्द मी बहुतेक बाराखडीच्या आधी शिकले.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेले होते. मामेबहीण एकोणीस वर्षांची आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या पलंगाखाली काचेचा डिजिटल वजनकाटा होता. दिवसातून चार वेळा ती त्याच्यावर उभी राहत होती. सकाळी उठल्यावर, आंघोळीनंतर, दुपारी आणि झोपायच्या आधी. आकडा ५१.४. उंची पाच फूट दोन इंच. मी मनातल्या मनात बीएमआय काढला, साधारण २०.७. कुठल्याही तक्त्यात, अगदी भारतीयांसाठीच्या कडक तक्त्यातही, हे वजन व्यवस्थित आहे.

तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, “नाही ताई, तीन महिने झाले, एकावन्नच्या खाली जातच नाही. माझंच काहीतरी चुकतंय.”

ज्या घरात कापसाच्या प्रत्येक क्विंटलमागे काट्यावर संशय घेतला जातो, त्याच घरातल्या मुलीला काट्याचा संशयही आला नाही. तिने स्वतःलाच चूक ठरवून टाकलं. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

*

तिने एका ॲपवर ‘नव्वद दिवसांचं चॅलेंज’ घेतलं होतं. सकाळी शेक, दुपारी एक पोळी, रात्री काकडी आणि कसलंतरी डिटॉक्स पाणी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रांगोळी काढून उठताना तिला चक्कर आली. मामीला वाटलं, उपाशीपोटी वाकून बसली म्हणून असेल. आजी मात्र म्हणाली, “वाळून काटकी झाली व पोट्टी. काहून जेवत नाही?” दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९.

आजीचा तो ‘वाळली’ शब्द माझ्या डोक्यात राहिला. वजनाबद्दलची आपली भाषा एकदा नीट ऐकून बघा. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे काय? वजन वाढलं. ‘तब्येत उतरली’ म्हणजे? वजन कमी झालं, काहीतरी दुखणं असावं. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक अंगाने भरून सासरी गेली, तर आईला कृतकृत्य वाटायचं. दुष्काळ बघितलेल्या मुलखाची ही भाषा आहे. तिच्यात अंगावरचं मांस म्हणजे साठवलेली सुरक्षितता. आज लग्नात कोणी मावशी माझ्याकडे बघून “तब्येत सुधारली गं” म्हणाली, तर माझा चेहरा पडतो. शब्द तोच, पण आजीच्या पिढीतला आशीर्वाद माझ्या पिढीत टोमणा झाला. आणि हे व्हायला जेमतेम तीस वर्षं लागली.

कुठे कुठे तर तीनच वर्षं लागली. प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर धष्टपुष्ट शरीर हे घरच्यांच्या मायेचं लक्षण मानलं जायचं. कोणी बारीक झालं की शेजारीपाजारी चिंता करायचे, अगदी आमच्या आजीसारखी. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. हार्वर्डच्या संशोधक ॲन बेकर यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांतच शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के होतं. आपण कधी ना कधी जाड वाटतो असं सांगणाऱ्या मुली ७४ टक्के होत्या. पाहणी छोटी होती, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुलींची, त्यामुळे तिच्यावर फार मोठा मनोरा उभारू नये. पण मामेबहिणीच्या हातात टीव्ही नाही, फोन आहे. टीव्हीला ती कोण आहे हे माहीत नव्हतं. फोनला माहीत आहे.

*

हे मी खात्रीने सांगू शकते, कारण ते फोनला कळवण्याचं काम मी केलंय.

पुण्यातल्या एका कंपनीत जाहिराती कोणाला दाखवायच्या हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी दीड वर्ष होते. हे काम बाहेरून वाटतं तितकं गूढ नसतं. एका जाहिरातीचे दोन नमुने घ्यायचे. अर्ध्या लोकांना ‘अ’ दाखवायचा, अर्ध्यांना ‘ब’. ज्याच्यावर जास्त लोक क्लिक करतील तो जिंकला. मग ज्यांनी क्लिक केलं त्यांच्यासारखे आणखी लोक शोधायचे. वय, गाव, भाषा, कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात, रात्री किती वाजता स्क्रोल करता. यंत्राला ‘ही मुलगी स्वतःच्या शरीरावर नाराज आहे’ असं वाक्य माहीत नसतं. अशा मुली जशा वागतात, तेवढंच त्याला माहीत असतं. त्याचं काम तेवढ्यावर भागतं.

एका फिटनेस ॲपच्या जाहिरातीचे दोन नमुने आमच्याकडे आले होते. एकात एक बाई सकाळी टेकडी चढत होती, खाली ‘रोज तीस मिनिटं’ असं काहीतरी. दुसऱ्यात नेहमीचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. दुसरा नमुना सहज जिंकला. आम्ही आलेख बघितला, एकमेकांना टाळ्या दिल्या आणि टेकडी चढणारी बाई कायमची बंद करून टाकली. आमच्यापैकी एकानेही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. बायकांना कमी लेखावं असं त्या खोलीत कोणालाच वाटत नव्हतं. आम्ही फक्त आकड्याच्या मागे गेलो.

दिवाळीत मामेबहिणीच्या फोनवर ते ॲप दिसलं आणि मी गप्प झाले. माझ्याच कोडमधून ती जाहिरात तिच्यापर्यंत पोहोचली, हे मी सिद्ध करू शकत नाही. नाही पोहोचली, हेही सिद्ध करू शकत नाही.

त्या रात्री मी ‘आधी-नंतर’चा विचार करत बसले. त्या जोडीतला कोणता फोटो खरं काम करतो? आपल्याला वाटतं ‘नंतर’चा, कारण तो स्वप्न दाखवतो. माझ्या मते काम करतो तो ‘आधी’चा. त्या फोटोतली बाई आजारी नसते, विद्रूप नसते. ती माझ्यासारखी, तुमच्यासारखी, चारचौघींसारखी असते. ‘आधी’ हा शब्द तिच्या डोक्यावर चिकटवला की तिचं आजचं जगणं आपोआप अपुरं ठरतं. मामेबहीण काट्यावर उभी राहते तेव्हा तिला स्वतःचं शरीर दिसत नाही, ‘आधी’चा फोटो दिसतो. शेक, चॅलेंज, काकडी हा सगळा नंतरचा व्यापार आहे. पहिली विक्री तिथेच झालेली असते, आणि त्या विक्रीची पावती मिळत नाही.

*

यात खोटं काय आहे, असं कोणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे, कारण खोटेपणाविरुद्ध कायदे आहेत. आपल्याकडे १९५४ सालापासून आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ज्या व्याधींवर औषधाने गुण येतो अशी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. स्त्रीच्या छातीची ठेवणसुद्धा आहे. म्हणजे काही दशकांपूर्वीच्या खासदारांनाही हा बाजार ठाऊक होता. पण शेक औषध म्हणून विकला जात नाही, अन्न म्हणून विकला जातो. आणि ‘आधी-नंतर’ फोटोत दावा असा नसतोच. दोन फोटो असतात, बाकीचं वाक्य आपण आपल्या मनात पूर्ण करतो.

लंडनमध्ये २०१५ साली हाच पेच उभा राहिला. भुयारी रेल्वेत पिवळ्या रंगाची मोठी पोस्टर लागली होती, बिकिनीतली सडपातळ तरुणी आणि ‘तुमचं शरीर समुद्रकिनाऱ्यासाठी तयार आहे का’ अशा अर्थाचा प्रश्न. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. तिथल्या जाहिरात नियामकाने प्रोटीन वर्ल्ड या कंपनीचे आरोग्यविषयक दावे अडवले, पण ते चित्र आणि तो प्रश्न आक्षेपार्ह किंवा बेजबाबदार नाहीत असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी महापौर सादिक खान यांनी शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करणाऱ्या जाहिराती शहराच्या वाहतूक व्यवस्थेत लावायला बंदी केली, ते वेगळं. मला नियामकाचा निर्णय जास्त विचार करायला लावतो. प्रश्न खोटा असू शकत नाही. ‘तू तयार आहेस का?’ यात असत्य काहीच नाही. तरी तो प्रश्न विचारला जाण्याआधी समुद्रकिनाऱ्यावर जायला शरीर ‘तयार’ करावं लागतं, हे कोणाला माहीत होतं?

शाळेत आपल्याला शिकवतात की फसवणूक म्हणजे खोटं बोलणं. कापसाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला माहीत असतं की सगळ्यात मोठी फसवणूक एकही शब्द न बोलता होते. व्यापारी भाव खरा सांगतो, हिशोब बरोबर करतो, पैसे रोख देतो. फक्त काटा मारलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या मापाने माणूस स्वतःला मोजतो, ते माप त्याच्या नकळत बदलणं ही फसवणूकच आहे, भले त्यात एकही वाक्य खोटं नसो.

*

आता माझ्याच विरुद्ध बोलते, कारण हे इतकं सोपं नाही.

पहिली हरकत डॉक्टरांची. लठ्ठपणा आणि मधुमेह खरे आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचंच नाही का? बोलायला हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या निघाल्या. पण त्याच पाहणीत जवळपास १९ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आहेत आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ८.९ हिमोग्लोबिनच्या मुलीला ‘कमी खा’ सांगणारी जाहिरात मी फोनवर रोज बघते. ‘रक्त तपासून घे’ सांगणारी क्वचितच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवून दिलंय की भारतीय शरीर वरून बारीक आणि आतून चरबीचं असू शकतं. बारीक दिसणं म्हणजे निरोगी असणं नाही, हे निदान आपल्या महाराष्ट्राला तरी पाठ असायला हवं होतं.

आणि आरोग्याचा सल्ला लाज न विकताही देता येतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा प्रयोग आमच्याकडे घरोघरी पोहोचला. त्याच्या शास्त्राबद्दल वाद आहेत, ते असू देत. पण दीक्षित काहीही विकत नव्हते आणि सुरुवात रक्ताच्या तपासण्यांपासून करा म्हणत होते. माझ्या काकांनी तो प्रयोग केला. चारचौघांत ते साखरेचा आकडा सांगायचे, पोटाचा घेर नाही. मामेबहिणीला स्वतःच्या साखरेचा, रक्ताचा एकही आकडा माहीत नव्हता. तिला फक्त ५१.४ माहीत होतं.

दुसरी हरकत स्वातंत्र्याची. ती एकोणीस वर्षांची आहे, मत देते, तिने आपल्या मर्जीने पैसे भरले. तिला भोळी समजणारी मी कोण? ही हरकत मला सगळ्यात जास्त टोचते, कारण बाईला ‘तुला काही कळत नाही’ म्हणणं हीसुद्धा जुनीच हिंसा आहे. पण बाबासुद्धा व्यापाऱ्याला कापूस आपल्या मर्जीनेच विकतात. त्यामुळे मारलेला काटा खरा होत नाही. मर्जीला अर्थ यायचा तर माप आधी खरं हवं.

तिसरी हरकत सगळ्यात अवघड. हे सगळं जाहिरातींनी सुरू केलं का? नाही. मुलगी बघायला आलेली माणसं तिला चालून दाखवायला सांगायची, तेव्हा फोन नव्हते. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हे शब्द वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींनी शोधले नाहीत, आपण त्यांना पुरवले. बाजाराने नवा काटा आणलेला नाही. आपल्या घरातला जुना काटा उचलला, त्याला स्क्रीन लावली आणि प्रत्येकीच्या हातात दिला. म्हणून ‘कंपन्या वाईट’ म्हणून मोकळं होता येत नाही. मामेबहिणीला पहिल्यांदा ‘जाडी’ कोणी म्हटलं, हे मी विचारलं. जाहिरातीने नाही. सहावीत असताना मीच म्हटलं होतं. मला आठवतही नव्हतं.

*

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आमचा जिल्हा अचानक देशभर गाजला. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले, दोन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. बातम्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ नाव देऊन टाकलं. अठरा गावांतल्या २७९ लोकांची नोंद झाली. पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे गेले, आयसीएमआरची पथकं आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या तपासणीतून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमवर.

त्या बातम्यांतल्या दोन ओळी मी विसरू शकत नाही. कॉलेजच्या मुलींनी घराबाहेर पडणं, वर्गात जाणं सोडलं. काहींची ठरलेली लग्नं मोडली. लोकांच्या नजरा नकोत म्हणून काहींनी उरलेले केसही काढून टाकले. अन्नातून काहीतरी आलं असेल तर दोष त्या मुलींचा नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी लाज त्यांच्याच वाट्याला आली. दोष कुठूनही येवो, त्याची लाज मात्र बाईच्या शरीरावर जमा होते.

तरीही त्या गावांना एक गोष्ट मिळाली. ‘बाहेरून काहीतरी आलंय’ हे सगळ्यांनी मान्य केलं. ‘तुमचंच काहीतरी चुकत असेल’ म्हणून कोणी पथक परत गेलं नाही. हळूहळू आत जाणाऱ्या गोष्टींसाठी पथक येत नाही. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. कंपनी म्हणाली, आकड्यांचा चुकीचा अर्थ काढला जातोय. असेलही. पण नमुने तपासायला कोणी गावात उतरलं नाही.

*

आमच्याच बुलढाण्यातल्या एका बाईने १८८२ साली एक पुस्तक लिहिलं. ताराबाई शिंदे, ‘स्त्रीपुरुषतुलना’. वडील बापूजी हरी शिंदे इथे सरकारी कचेरीत होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रं समस्त स्त्रीजातीला नावं ठेवू लागली. ताराबाई संतापल्या. पण त्यांनी स्त्रिया कशा चांगल्या आहेत याची वकिली करण्यात वेळ घालवला नाही. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण त्यांनी हातात घेतला आणि विचारलं, हाच पुरुषांत नाही का? मग माप एकालाच का लावता? पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा समोर आणलं.

आमच्या जिल्ह्यात शाळेला, रस्त्याला नावं देताना ताराबाई फारशा कोणाला आठवत नाहीत. मला त्या या प्रकरणात आठवल्या, कारण त्यांचं पुस्तकच मुळात काट्याबद्दल आहे. ‘आम्ही वजनात बसतो’ असं त्या म्हणत नाहीत. त्या म्हणतात, आधी काटा दाखवा. हल्ली ‘प्रत्येक शरीर सुंदर असतं’ अशा मोहिमा असतात. त्यांचं मन चांगलं आहे, पण त्याही बाईला पुन्हा काट्यावरच उभं करतात आणि आकडा उदारपणे वाढवून सांगतात. सुंदर असण्याची सक्ती तशीच राहते. मामेबहिणीला मी “तू सुंदरच आहेस गं” म्हटलं, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून हे माझ्या लक्षात आलं.

*

मग मी काय केलं? सांगण्यासारखं फार काही नाही. टीम बदलून घेतली. नोकरी सोडली नाही, घराचे हप्ते आहेत. जाताना मॅनेजरला कारण सांगितलं. तो चांगला माणूस आहे, म्हणाला, “तू नाही केलंस तरी दुसरं कोणीतरी करेलच.” ते खरं निघालं. माझ्या जागी आलेली मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे.

हे वाक्य आमच्या धंद्यात गीतेसारखं वापरलं जातं, म्हणून त्यावर विचार केला. काटा मारायला दुसरा कोणीतरी मिळेलच, हे बाजारात नेहमीच खरं होतं. म्हणून तो मारणाऱ्याचा हात कधी निर्दोष ठरला का? दुसऱ्याच्या होऊ घातलेल्या चुकीने माझी झालेली चूक पुसली जात नाही. इतकंच की माझ्या बाजूला होण्याने जग सुधारलं असा आवही मला आणता येत नाही. व्यापाऱ्याच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, ठरावीक काळाने तपासणी होते. जाहिरात कोणाला आणि का दाखवली, याच्यावर तसा शिक्का मारणारं कोणी असावं, असं आता एक इंजिनिअर म्हणून मला वाटतं. ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. सगळ्या नोंदी आमच्याकडे असतात.

मामेबहिणीचा काचेचा काटा मी काढून घेतला नाही. तो अधिकार माझा नाही, आणि फोन आहे तोवर त्याचा उपयोगही नाही. तिला मी बाबांची धर्मकाट्याची गोष्ट सांगितली. एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरी चिठ्ठी खिशात असू दे. मग आम्ही दोघींनी तिच्या वहीत एक पान केलं. हिमोग्लोबिन. पाळी वेळेवर आली का. कॉलेजचे तीन मजले न थांबता चढता आले का. रात्री झोप लागली का. सहावीतल्या त्या शब्दाबद्दल माफीही मागितली. ती म्हणाली, “मला आठवत नाही ताई.” मला वाटतं, तिला आठवत होतं.

परवा तिचा मेसेज आला. हिमोग्लोबिन १०.६. खाली लिहिलं होतं, वजन ५३. त्यापुढे रडका चेहरा होता की हसरा, हे कळायला मला फोन डोळ्यांजवळ न्यावा लागला. दोन्ही होते.